पद्मिनीचा पत्रा, पद्मिनीची गादी

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटलं की पैसा सहसा उलट्या क्रमाने खर्च होतो. आधी सीटकव्हरचा रंग ठरतो, मग गाडीचा, मग बंपर क्रोमला जातात, आणि खालच्या पत्र्याचं काम ‘उरलेल्या पैशांत बघून घेऊ’ यावर ढकललं जातं. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते. या गाडीच्या बॉडीचं आणि आतल्या सामानाचं काम करता करता पक्कं झालेलं माझं मत असं, की पत्र्याला आणि गादीला एकच न्याय लावू नये. जो भाग गाडीचा भार वाहतो तिथे सडलेलं काहीही राखू नये, बिनदिक्कत कापावं. ज्या भागाला फक्त माणसांच्या पाठी, कोपर आणि हात लागले, तिथे बदलता येईल तितकं कमी बदलावं. गॅरेजात होतं नेमकं याच्या उलट. सडक्या पत्र्याची सगळ्यांना दया येते, त्याच्यावर लांबी भरून त्याला झाकून घेतलं जातं. आणि तीस-चाळीस वर्षं टिकलेलं रेक्झीन मात्र एका दुपारीत फाडून कचऱ्यात जातं.

पद्मिनीचंच उदाहरण घेण्याला कारण आहे. इटलीत फियाटने ११००डी हे मॉडेल १९६२ ते १९६६ एवढ्याच काळात बनवलं. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून तीच गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने निघू लागली, पुढे तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. तिकडे चार-पाच वर्षांत निकालात निघालेला सांगाडा इथे विसावं शतक सरेपर्यंत रस्त्यावर उतरत राहिला. १०८९ सीसीचं तिचं इंजिन साधं, त्याचे पार्ट मिळतात, ते उघडणारे हातही मिळतात. त्यामुळे इंजिनाची धास्ती कुणी घेत नाही. खरा पेच बॉडीचा आहे, कारण या गाडीला वेगळी चॅसी नाही. जीपसारखं खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर बोल्टांनी कसलेली बॉडी, असा प्रकार इथे नाही. फ्लोअर, दारांखालची लांब पोकळ सिल, मधले खांब, इंजिनापुढचे आडवे-उभे पत्रे हे सगळं एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होते, तीच गाडी. सस्पेन्शन तिलाच लटकतं, जॅक तिलाच लागतो, नंतर कुणी सीटबेल्ट बसवला असेल तर त्याचा बोल्टही तिच्यातच रुततो. सडलेल्या फ्लोअरमध्ये कसलेला सीटबेल्ट हा मनाच्या समाधानापुरता असतो. धडक बसली तर बेल्ट तुटत नाही, बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो.

आणि हा पत्रा सडतो तो आतून. हे नीट समजून घेतलं नाही तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे. समोरच्या काचेचं रबर उन्हाने कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि पायाखालच्या रबरी मॅटखाली जाऊन बसतं. मॅटखाली आवाज दाबायला नमदा घातलेला असतो. तो एकदा भिजला की दिवाळीपर्यंत काही वाळत नाही. वरून मॅट कोरडी, खाली पत्रा ओला. दाराचंही तसंच. खिडकीच्या काचेलगत थोडं पाणी दारात उतरणार हे कारखान्याने धरलेलंच असतं, म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने, पानांच्या चुऱ्याने, किंवा पेंटरने उत्साहात मारलेल्या जाड थराने बुजली की दार आतून पाण्याची टाकी होतं. बॅटरीखालचा पत्रा आम्लाच्या थेंबांनी खाल्ला जातो, मडगार्डची मागची कड चाकाने उडवलेल्या चिखलाने. मुंबईत किंवा कोकणपट्टीवर याच्या भरीला समुद्राची हवा. मिठामुळे ओलाव्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया झपाट्याने होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो धरला की जोडच उकलून फुगवतो. म्हणून रंगाखाली हरभऱ्याएवढा फोड दिसला की समजावं, आत तळहाताएवढा पत्रा गेलेला आहे. तो फोड घासून, लांबी भरून, रंग मारून दोन पावसाळे काढता येतात. भरलेली लांबी म्हणजे पॉलिएस्टर आणि शंखजिऱ्याची पूड. मागून ओल मिळाली की ती पाणी धरून ठेवते. झाकलेला गंज थांबत नाही, उलट त्याला ओलं अंथरूण मिळतं.

तेव्हा कापायचं. पण कापण्यालाही शिस्त लागते, आणि बहुतेक गाड्यांचं कायमचं नुकसान गंजाने नव्हे तर चुकीच्या कापण्याने झालेलं दिसतं. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम काढल्या की गाडी मधोमध बसते. नवीन पत्रा त्या बसलेल्या आकारातच वेल्ड होतो, आणि मग दारं आयुष्यभर आपटून लावावी लागतात. म्हणून गाडी सपाट जमिनीवर, सस्पेन्शनच्या जागी आधार देऊन उभी करायची. दाराच्या चौकटीत अँगल किंवा पाइप तात्पुरता वेल्ड करून ती जखडायची. दारं काढून ठेवायची नाहीत, लटकतीच ठेवायची आणि दर टप्प्याला लावून बघायची. एका बाजूचं पुरं झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडायची नाही. दाराभोवतीची फट हीच इथली मोजपट्टी. जॅक लावल्यावर आणि काढल्यावर ती फट वर-खाली बदलत असेल तर बॉडी अजून वाकते आहे, मग वरून रंग कितीही देखणा असो. पत्रा चमकत्या धातूपर्यंत कापायचा, पुठ्ठ्याचा नमुना काढून जवळपास एक मिलिमीटर जाडीचा तुकडा घडवायचा आणि कडेला कड भिडवून बसवायचा. जुन्या पत्र्यावर नवीन पॅच चढवून मारला की दोहोंमध्ये पाण्याला घर मिळतं. सीओटू वेल्डिंगने एकमेकांपासून दूर दूर टाके घेत, मधे थंड होऊ देत जोड भरला तर पत्रा फारसा ओढला जात नाही. गॅस वेल्डिंगचे जुने डेंटर मात्र याला नाक मुरडतात आणि त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. गॅसने उष्णता जास्त पसरते, पत्रा लहरतो; पण त्याचा टाका मऊ असतो, हातोडी आणि डॉलीमध्ये धरून तो सपाट ठोकता येतो. दिसणाऱ्या पत्र्यावर, हात तयार असेल तर, गॅसचं काम आजही अधिक सफाईदार होतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरायचा तर जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढावं लागतं. जळलेल्या जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री हुडहुडी भरते. शेवटी जोडांना सीलर आणि पोकळ सिलमध्ये भोकांतून मेणाचा फवारा. जळकं इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि काहीच न करण्यापेक्षा ती बरी, पण त्या तेलात आम्ल उरलेलं असतं आणि ते रबर फुगवतं.

यावर गंभीर आक्षेप येतो तो अस्सलपणाचा. कुर्ल्यात दाबून काढलेला पत्रा कापून त्या जागी आजचा पत्रा घातला, तर ती गाडी मूळची राहिली का? हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरखाली नोंदवता येते. पहिल्या वर्षीच्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयाला पोचल्या आहेत, डिलाइट तर केव्हाच. सांगाड्याला हात लावू नका असं नियम सांगत असेल तर मी सांगतो ते कापणं त्याच्या विरोधात जात नाही का? माझं उत्तर असं, की फेरफार आणि दुरुस्ती यांत फरक आहे आणि तो आकारात मोजायचा असतो. सिलची उंची, जोडाची जागा, भोकांची जागा, पत्र्याची जाडी मूळची ठेवून सडलेला भाग पुन्हा घडवला तर सांगाडा मूळ रूपात येतो. उलट, सडलेली सिल तशीच ठेवून तिच्याखाली बाहेरून चौकोनी पाइप वेल्ड करून गाडी ‘मजबूत’ केली, जे सर्रास होतं, तर तो खरा फेरफार. पत्रा वाचला, सांगाडा बदलला. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेली ट्यूरिन सनदही जतन, संवर्धन आणि पुनर्उभारणी यांत फरक करते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर देते. कापण्याआधीचे फोटो, मोजमापं, काढलेल्या तुकड्यांवर चिठ्ठ्या, चॅसी नंबर जिथे ठोकला आहे तो पत्रा अजिबात न छेडणं, एवढं केलं की अस्सलपणाच्या आक्षेपाला हातात धरता येईल असं उत्तर मिळतं. आपल्याकडे ही नोंद जवळजवळ कुणी ठेवत नाही, आणि मग मूळचं काय यावरचे वाद तोंडी चालतात.

चकाकीवर गाडी तोलण्याची ही सवय आली कुठून, याचाही माझा एक अंदाज आहे. दिल्लीतली स्टेट्समनची व्हिंटेज रॅली १९६४ पासूनची. तेव्हा कौतुक होतं ते संस्थानिकांच्या, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांचं. त्यांना जाडजूड वेगळी चॅसी असे. बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा मढवून वेगळ्या कारागिरांनी केलेली. त्या गाड्यांत बॉडी कितीही वेळा नव्याने सजवली तरी खालची गाडी जिवंत राही. तोच चष्मा लावून आपण पद्मिनीकडे बघतो, जिथे बॉडी हीच गाडी आहे.

आता आत येऊ. इथे माझं म्हणणं लोकांना जास्त खटकतं. पद्मिनीच्या आतलं सामान थोडं आहे: स्टीअरिंगवरचा गिअर असलेल्या गाड्यांत पुढे सलग बाकासारखी सीट, हार्डबोर्डवर रेक्झीन मढवलेले दारांचे पॅड, छताचं अस्तर, पत्र्याचा डॅशबोर्ड, काच चढवायची हँडलं, तिकोनी काचेच्या कड्या. थोडं आहे म्हणूनच ‘सगळंच नवीन करू’ हा मोह होतो. पण बाजारात आज मिळणाऱ्या रेक्झीनचा पोत वेगळा असतो, चमक जास्त असते. कुशनवाला मूळच्या स्प्रिंगा, काथ्या आणि कापूस काढून फोमचा ठोकळा घालतो, त्याने सीट उंचावते. डोकं छताकडे जातं, मांडी स्टीअरिंगला टेकते, आणि ड्रायव्हरला रस्ता वेगळ्या कोनातून दिसू लागतो. गाडी बनवणाऱ्यांनी ठरवलेली बसण्याची रीतच मोडते. त्याऐवजी कव्हर शिवणीवर उसवून, आतली तुटलेली स्प्रिंग बांधून, खचलेल्या जागी काथ्या भरून, तेच कव्हर जुन्या टाक्यांच्या भोकांतून पुन्हा शिवता येतं. फाटलेल्या जागी आतून कापड चिकटवता येतं. दाराच्या पॅडचा कुजलेला हार्डबोर्ड बदलून रेक्झीन तेच ठेवता येतं. छताचं अस्तर मऊ साबणाच्या पाण्याने, जवळपास कोरड्या फडक्याने पुसलं तर पुष्कळदा तेवढंच पुरतं. शिवाय आतला भाग साक्षीदार असतो. गाडीचा पहिला रंग कोणता, हे कागदपत्रांपेक्षा दाराच्या पॅडमागे आणि डॅशबोर्डच्या पाठीला जास्त खात्रीने समजतं. पॅड फेकताना आणि पाठ घासताना ती साक्षही जाते.

याला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. रेक्झीन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. ते वर्षानुवर्षं उडून जातं आणि एकदा पापडी झालेलं रेक्झीन कशानेही पुन्हा मऊ होत नाही. बाजारातली चकचकीत पॉलिशं वरवरची. त्यातलं सिलिकॉन गॅरेजभर पसरलं तर पुढे रंगात खड्डे पडतात, हा फटका वेगळाच. पापडी झालेला भाग बदलावाच लागेल, पण म्हणून पाठीमागची शाबूत सीट बदलायचं कारण नाही. दोन्हींत थोडा रंगफरक राहिला तर राहू द्यावा. बुरशी धरलेला, कुबट वास मारणारा काथ्या टाकावा, आरोग्यापुढे अस्सलपणाची मिजास नको. आणि आत असलेलं सगळंच ‘हाताळलेलं’ नसतं. सीटची चौकट आणि तिची पटरी भार वाहतात, त्या पत्र्याच्या न्यायाने तपासाव्यात. डॅशबोर्डमागच्या वायरींचं कव्हर तडकलं असेल तर त्या आग लावतात, तिथे राखण्यासारखं काही नाही. काचांची रबरं तर पहिल्या दिवशी बदलावीत, कारण फ्लोअरच्या सडण्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणजे रेघ आत आणि बाहेर यांच्यामध्ये नाही. काम करणारं आणि सोबत करणारं, यांच्यामध्ये आहे.

व्यवहाराचा आक्षेप उरतो. मालक म्हणतो, मी लाखांत पैसे घालणार आणि ते कुणाला दिसणारच नाहीत? गाडीत बसलो की तेच जुनं रेक्झीन? विकायला काढली तर गिऱ्हाईक रंग बघतं, सिलखाली वाकून कोण बघतं? हे खरं आहे, आणि गॅरेजवाले या सत्यावरच जगतात. पण हिशेब दोन-तीन पावसाळ्यांचा धरला तर तो फिरतो. नवीन रंगाखालून पुन्हा फोड आला की तो रंग, ती लांबी, ती मजुरी सगळी पाण्यात. आणि फ्लोअर नंतर कापायचा तर नवीन सीट, नवीन कार्पेट पुन्हा बाहेर काढावं लागतं. आतलं जुनं राखल्याने वाचलेला पैसाच खालच्या पत्र्याला पुरवावा, एवढं माझं साधं गणित आहे. ज्याच्याकडे तेवढाही पैसा नाही त्याने काम तोडून करावं: यंदा रबरं, भोकं, फ्लोअर, आणि त्यावर नुसतं प्रायमर, रंग पुढे कधीतरी. प्रायमरमधली पद्मिनी दिसायला ओशाळी दिसते, हे मान्य. गिऱ्हाइकाच्या नजरेचं म्हणाल तर खिशात छोटं चुंबक घेऊन येणारे वाढले आहेत. लांबी जाड असली की ते चिकटत नाही.

क्रोम आणि रंग या रेघेवर मधेच उभे आहेत. बंपरवर दिसणारा क्रोमचा थर मायक्रॉनच्याही आत असतो. गंज अडवतात ते त्याखालचे तांब्या-निकेलचे थर. स्वस्तातल्या प्लेटिंगमध्ये काटकसर तिथेच होते, म्हणून वर्षभरात लाल ठिपके येतात. ओतीव मोनोग्राम प्लेटिंगआधी बफला लावले की अक्षरांच्या कडा कायमच्या गोल होतात. ते खड्डे पडले तरी तसेच ठेवावेत. रंगाबाबत एकच सांगतो. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग की आजचा हार्डनरवाला, हा वाद चवीचा आहे, पण हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांत जाऊन कायमचा दमा लावतात, आणि आपल्या गल्ल्यांमधून पेंटर तोंडाला रुमाल बांधून तो मारत असतात. मालकाने पेंटरच्या मास्कचे पैसे आधी बाजूला काढावेत.

या सगळ्याची अवघड परीक्षा टॅक्सीची पद्मिनी घेते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी सेवेतून गेली. या टॅक्सींतली एखादी जतन करायची, तर कोणत्या रूपात? कारखान्यातून निघाली तशी करायची तर छताचं रंगीबेरंगी फुलाफुलांचं अस्तर, डॅशबोर्डवरचे देव, कॅरिअर, सगळं काढावं लागेल. म्हणजे तिचं सगळं कमावतं आयुष्य पुसावं लागेल. माझ्या रेघेने हा प्रश्न बराच सोपा होतो. छत, देव, स्टिकर राहू द्यावेत, ते सोबतीचं सामान. डिकीचा फ्लोअर मात्र उघडावा, कारण सीएनजीच्या सिलिंडरचं वजन वर्षानुवर्षं पातळ पत्र्यावर बोल्टांनी तोललेलं असतं आणि त्या बोल्टांभोवती पत्रा तडकलेला सापडतो. तिथे कापून, मूळच्या जाडीचा पत्रा घालून, बोल्टांची भोकं बंद करावीत. डाव्या मडगार्डवरच्या मीटरच्या ब्रॅकेटची भोकं आतून सीलरने पाण्यासाठी बुजवावीत, बाहेरून लांबी भरू नये, आणि मीटर मिळाला तर त्याच भोकांवर बसवावा.